झाडपाल्याचा रंग आणि रंगाऱ्याची मजुरी

कामगार संघटनेच्या माणसाने हिरडा, मंजिष्ठ आणि नीळ यांविषयी बोलावे, याचे ओझरकरांना थोडे नवल वाटेल. परंतु रंगवणे हे काम आहे. आणि काम म्हटले की वेळ आला, हात आले, मजुरी आली. तेव्हा विषय आमच्या शिवाराबाहेरचा नाही.

रंगपंचमीला पळसाच्या फुलांचे पाणी अंगावर घेतलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की तो रंग दोन धुण्यांत जातो. मग झाडपाल्याचाच रंग कापडावर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो कसा? सुती धागा अशा बहुतेक रंगांना आपणहून धरीत नाही, मध्यस्थ लागतो. ते काम तुरटी करते, नाहीतर लोखंड. हे मध्यस्थ सुतात मुरावेत म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. गंमत अशी, की रंग मुळीत असला तरी छटा मध्यस्थ ठरवतो. मंजिष्ठाच्या एकाच कढईतून तुरटी लावलेला भाग तांबडा निघतो, लोखंडी पाणी लावलेला काळपट. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या सालीचेही तेच: तुरटीने पिवळा, लोखंडाने करडा-हिरवट.

याच गुणावर आंध्रातल्या श्रीकाळहस्तीची कलमकारी उभी आहे. तेथे हिरड्याच्या पाण्यात म्हशीचे दूध घालतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे रेघ फुटत नाही. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात पंधरावीस दिवस आंबवून काळा रंग होतो. बांबूच्या कलमाला सूत गुंडाळून त्याने चित्र रेखाटायचे, तांबड्या जागी तुरटीचे पाणी भरायचे, उकळायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे. मग पिवळा, मग निळा, आणि पुन्हा धुणे. तंजावरच्या भोसले दरबारासाठी करुप्पूर गावी जरीच्या विणीवर असेच हाताने रंगकाम केलेल्या साड्या होत. १८५५ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. गिऱ्हाईक गेले आणि कसबही ओसरले.

निळीची तऱ्हा निराळी. तिला तुरटी लागत नाही, पण ती पाण्यात विरघळतच नाही. म्हणून चुना आणि गूळ घालून माठ आंबवतात. त्यातून कापड हिरवट-पिवळे वर येते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. जितक्या बुचकळ्या, तितका रंग गडद.

मग रसायनशाळा आली. मंजिष्ठातले तांबडे द्रव्य जर्मन रसायनज्ञांनी १८६८ साली कृत्रिम रीतीने केले. कारखान्यातली नीळ १८९७ साली बाजारात आली. कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर रंग आला, हे आम्ही नाकारीत नाही. पण १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात होणाऱ्या गाठींकडे लक्ष वेधले. काही अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने बंदी घातली ती १९९४ साली! गाठ कामगाराच्या पोटात असली की कायद्याला शंभर वर्षे लागतात.

म्हणून झाडपाल्याचा रंग तेवढा सोवळा, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. बंगालात १८५९ साली रयत उठली, १९१७ साली गांधीजींना चंपारणात जावे लागले, ते याच ‘नैसर्गिक’ निळीच्या सक्तीपायी. वनस्पती तीच, शेतकऱ्याला जमिनीच्या वाट्यावर ती लावायला कोण भाग पाडतो, हा प्रश्न होता.

आज प्रदर्शनात कलमकारी म्हणून पुष्कळदा चौकटीने छापलेले कापड गळ्यात मारतात. उलटून पाहावे: छाप मागे बहुधा फिकट असतो, कलमाचे रंगपाणी आरपार मुरलेले असते. रेघही तपासावी, हाताच्या दोन रेघा कधी तंतोतंत सारख्या येत नाहीत. आणि खरे कापड महाग वाटले, तर घासाघीस करण्यापूर्वी त्यावरचे दिवस मोजावेत आणि किमतीतले रंगाऱ्याला किती पोचतात, हे विक्रेत्याला विचारावे.