काटा हलायलाच हवा

पेट्रोलचा काटा खाली आला की पंप शोधायचा, तापमानाचा वर गेला की गाडी बाजूला घ्यायची. डॅशबोर्डवरची ही भाषा कुणालाही कळते. ऑइल प्रेशरचा काटा मात्र तिरसट. सकाळी गाडी सुरू करताच उंच चढतो, तासाभरानं सिग्नलला थांबलात तर पार खाली बसतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा उठतो. विलीज बनावटीच्या जुन्या जीपमध्ये हा काटा असायचा. पुढे साध्या मोटारींतून तो गेला आणि त्याच्या जागी लाल दिवा आला. स्पोर्ट्‌स कारवाल्यांनी मात्र तो हट्टानं जपला. पण ज्यांच्यासाठी जपला, त्यांच्यातल्याच कित्येकांना त्याचं हलणं सहन होत नाही.

माझदाच्या एमएक्स-5चं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी गाडी 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आली. अमेरिकेत ती मियाटा या नावानं विकली गेली आणि 2016 पर्यंत तिनं दहा लाखांचा आकडा गाठला. सुरुवातीच्या मियाटामध्ये ऑइल प्रेशरचा काटा खराखुरा होता. इंजिनावर बसवलेला सेंडर दाब मोजायचा आणि काटा त्याप्रमाणे वरखाली व्हायचा. 1995 च्या सुमाराला कंपनीनं तो सेंडर काढून तिथं साधा स्विच बसवला. किमान दाब आहे एवढं स्विचला कळलं की काटा मधोमध जाऊन उभा राहतो. इंजिन थंड असो, तापलेलं असो, 1000 आरपीएम असोत की 6000, तो तिथून हलत नाही. थोडक्यात, काट्याच्या वेशातला दिवा. नवे मालक काटा खाली गेला म्हणून घाबरून डीलरकडे धावत, म्हणून हे केलं, असं मियाटाप्रेमी सांगतात. फोर्डनंही 1980 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या काही गाड्यांत हीच युक्ती वापरली. गिऱ्हाईक शांत झालं हे खरं, पण काटा मुका झाला. आज जुन्या मियाटाचे जाणकार मालक आधीच्या वर्षांतला काटा आणि सेंडर शोधून पुन्हा बसवून घेतात, ते उगाच नाही.

हा काटा नेमकं काय मोजतो? इंजिनात तेल किती आहे, हे तो सांगत नाही. ते काम डिपस्टिकचं. पंपाची ताकदही तो थेट सांगत नाही, कारण पंप फक्त तेल पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो तेलाच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोर धरतं, तसंच. इथं अंगठ्याचं काम करतात क्रँकशाफ्टची बेअरिंगं. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो आणि चालू इंजिनात शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो, धातू धातूला लागत नाही. फटीच्या कडांमधून तेल सतत बाहेर पडत असतं आणि पंप सतत नवं तेल पुरवत असतो.

एवढं समजलं की काट्याचा लहरीपणा लहरीपणा राहत नाही. थंड तेल दाट असतं, फटीतून सहज निसटत नाही, म्हणून सकाळी दाब चढतो. तो फारच वाढला की पंपाची रिलीफ व्हॉल्व्ह जादा तेल परत सोडून देते. तेल तापून पातळ झालं की दाब उतरतो. पंपाला गती क्रँकशाफ्टकडूनच मिळते, म्हणून आयडलिंगला तो सर्वांत कमी आणि आरपीएम वाढले की जास्त. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा असा, की तापलेल्या इंजिनाला दर 1000 आरपीएममागे साधारण 10 पीएसआय मिळाले की पुरे. ठोकताळाच तो, आपल्या गाडीचे आकडे मॅन्युअलमध्ये पाहावेत. तापलेल्या इंजिनाचा आयडलिंगचा आकडा पाहून घाबरण्याची परंपरा जुन्या एअर-कूल्ड पोर्शे 911 च्या मालकांतही आहे. तिथं तर तेलाची पातळीसुद्धा इंजिन तापवून, चालू ठेवूनच बघावी लागते.

म्हणून एका आकड्याला अर्थ नाही, कल बघायचा. तेच तेल, तेच तापमान, तेच आरपीएम आणि तरी गेल्या वर्षीपेक्षा काटा खाली, तर फट वाढली असण्याची, म्हणजे बेअरिंगं झिजल्याची शंका घ्यावी. झीज आधी दिसते ती तापलेल्या इंजिनाच्या आयडलिंगला. पण लगेच इंजिन उघडायला बसू नये. तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ झालेलं असू शकतं, सेंडर बिघडलेला असू शकतो. सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावला की खरंखोटं कळतं. कित्येक जण इथं जास्त दाट तेल ओतून मोकळे होतात. काटा वर येतो, मालक खूश. पण दाब वाढला म्हणजे बेअरिंगला जास्त तेल पोचलं असं नव्हे; दाट तेल उलट कमी वाहतं. हा उपाय नाही, ही काट्याची समजूत काढणं आहे.

खरी काळजी वळणावर. ट्रॅकवरच्या लांब, वेगवान वळणात सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं तेल एका बाजूला लोटलं जातं आणि पंपाच्या नळीचं तोंड उघडं पडून ती हवा ओढू लागते. आरपीएम चढलेले असताना काटा क्षणभर पडतो. आयडलिंगला खाली असलेला काटा चालतो, 6000 आरपीएमला पडलेला नाही. पोर्शे 911 नं 1960 च्या दशकातच तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय सम्प पद्धत घेतली, ती याच कारणासाठी. साध्या सम्पच्या गाडीत तेल पूर्ण खुणेपर्यंत ठेवणं आणि सम्पमध्ये आडभिंती बसवणं, एवढं तरी करता येतं.

लाल दिव्यावर विसंबू नका. त्याचा स्विच दाब अर्ध्या बारच्या, म्हणजे 7 पीएसआयच्या आसपास उतरल्यावरच जागा होतो. भरधाव इंजिनासाठी तोवर उशीर झालेला असतो. दिवा लागला किंवा धावत्या गाडीत काटा शून्याकडे गेला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा आणि टो करूनच न्या. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरीही.