जसा बाक, तसे हत्यार

आमच्या नाशिक जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. खांद्याला लोणी-हळद चोळतात. चाल चांगली आहे. पण त्याच खांद्यावर जे जू बसते, ते गुळगुळीत आहे काय? जुवाला उंचवटा किंवा कुसळ राहिले, की ते रोज एकाच जागी घासते. कातडी सोलते, खांदा सुजतो, आणि ऐन पेरणीत बैल बसून राहतो. खुरप्याच्या मुठीचेही तसेच. मूठ खडबडीत असेल, तर कांद्याची खुरपणी करताना तळहाताला फोड येतात. म्हणून वाकडे लाकूड कसे घासावे, ते समजून घेऊ.

सपाट फळी घासणे सोपे. लाकडी ठोकळ्याला काचकागद गुंडाळला, की काम भागते. पण जू, मूठ, कुऱ्हाडीचा दांडा ही लाकडे गोल आणि बाकदार. त्यांवर ठोकळा चालवला तर तो उंच भागालाच टेकतो. तिथे चपटी खूण पडते. खोलगट भाग तसाच खडबडीत राहतो. तेव्हा एक नियम ध्यानात ठेवा. हत्याराने लाकडाचा आकार घ्यावा. लाकडाने हत्याराचा घेऊ नये.

आधी कानस घ्यावी. ती लाकडाची, मोठ्या दातांची हवी. लोखंडाची बारीक कानस भुशाने लगेच भरते. अर्धगोल कानस घेतली तर एकीत दोन कामे होतात. तिची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. लाकूड खोलगट असेल तिथे फुगीर बाजू चालवा. लाकूड फुगीर असेल तिथे सपाट बाजू चालवा, आणि हात बाकाबरोबर वळवत न्या.

काही गावांत फुटक्या काचेने दांडा खरवडतात. काम साफ होते, पण बोट कापते. त्यापेक्षा जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा बरा. त्याचे दात घासून टाकावेत आणि कडा सरळ करावी.

मग काचकागद. तो उलटा करून पाहा. पाठीवर इंग्रजी अंकांत नंबर छापलेला असतो. तेवढे अंक ओळखायला शिका, म्हणजे दुकानात कोणी भलताच कागद गळ्यात मारणार नाही. नंबर लहान, तर कण जाड. नंबर मोठा, तर कण बारीक. हे उलटे का? कण चाळणीने निवडत, त्यावरून हा हिशेब आला. एका इंचात भोके जितकी जास्त, तितके प्रत्येक भोक लहान. पिठाची चाळण आठवा. ६० नंबर खरबरीत, १२० मध्यम, २२० बारीक. याच क्रमाने घासावे. एकदम २२० घेतला, तर कानशीचे ओरखडे निघत नाहीत आणि कागद फुकट जातो.

कागदामागे काय धरायचे, ते आकार पाहून ठरवा. गोल दांड्याला कापडी पाठीची पट्टी बरी. कागद फाटतो, कापड वळते. पट्टीची दोन टोके धरून ताक घुसळल्यासारखी मागे-पुढे ओढा. शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने हात फिरवा, म्हणजे आडवे ओरखडे जातील. जुवाच्या खोलगट भागाला बांबूच्या कांडीवर कागद गुंडाळा. फुगीर मुठीला जुन्या रबरी चपलेचा तुकडा मागे धरा. तो दबतो आणि बाक धरतो. अरुंद खाचेत पातळ पट्टीच्या कडेवर कागद दुमडून घाला.

मात्र कोरीव कामाला कागद जपून लावावा. आमच्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. तिथले कोरीव लाकूडकाम पाहण्यासारखे आहे. अशा कामात कडेची धार हीच शोभा. कागदाने ती धार झिजते आणि पाने-फुले बोथट दिसू लागतात. तिथे धारदार पटाशीनेच साफ करावे.

घासताना नाकातोंडाला फडके बांधा, आणि उघड्यावर बसा. लाकडाचा भुसा साधा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला आहे.

काम झाले, की ओले फडके लाकडावरून फिरवा. दबलेले तंतू वर उठतील. वाळल्यावर पुन्हा २२० नंबरचा हलका हात द्या. मग जवसाचे तेल लावा. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

शेवटी परीक्षा. सुती कापडाचा तुकडा लाकडावरून फिरवा. धागा अडकला, तिथे कुसळ आहे. जू असेल तर ते आपल्या उघड्या दंडावर दाबून थोडे सरकवा. आपल्याला टोचले, तर बैलालाही टोचणार. आपण बोलून दाखवतो, त्याला ते जमत नाही.