दांड्याची रेचल

नवगावचे लोक

अलिबागच्या उत्तरेला नवगाव. फुटलेल्या जहाजातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया इथे किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा आहे. पुढे ते तेलघाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर या आडनावांत रायगडची गावंच नांदतात. १९४८ नंतर यांतली बहुतेक घरं इस्रायलला गेली.

राखण करणारी बाई

या स्थलांतरावरची माझ्या लेखी सर्वांत जिव्हाळ्याची कादंबरी म्हणजे एस्थर डेव्हिड यांची इंग्रजी ‘बुक ऑफ रेचल’. तिला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवरा गेलेला, मुलं इस्रायलला, आणि रेचल कोकणातल्या दांडा गावी एकटी. ओस पडलेलं सिनेगॉग ती झाडते-पुसते. त्याची जमीन विकायचा घाट घातला जातो तेव्हा पदर खोचून उभी राहते.

कादंबरीत पाककृती येतात, त्या शोभेसाठी नव्हेत. बेने इस्रायली घरांतला चिकाचा हलवा पाहा: गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटेपर्यंत, हात भरून येईस्तोवर ढवळायचा. मांसासोबत दूध धर्मात वर्ज्य, म्हणून नारळाचं दूध. ते वाडीतच मिळतं. अशा एका पातेल्यात धर्म आणि कोकण दोन्ही शिजतात. अशा घरातलं माणूस परदेशी गेलं की काय तुटतं, ते रेचलच्या चुलीपाशी कळतं.

व्हिएतनामी कादंबऱ्यांशी नातं

देश सुटल्याच्या कथा म्हटलं की व्हिएतनामी कादंबऱ्याही आठवतात. तिथे १९७५ मध्ये सायगाव पडलं आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. किम थुई यांची ‘रू’, व्हिएत थान्ह न्विन यांची ‘द सिम्पथायझर’ या कादंबऱ्यांत परागंदा झालेलाच बोलतो. होडी, छावणी, युद्धाची भीती त्याची पाठ सोडत नाहीत. बेने इस्रायलींना इथून कुणी हुसकावलं नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. रेचलला दोष द्यायला शत्रूच नाही. ती मागे राहिलेली आहे, आणि मागे राहिलेल्याचं दुःख निर्वासितांच्या कथांत क्वचितच केंद्रस्थानी येतं.

पोचल्यानंतर

इस्रायलमध्ये १९६२ पासून धर्मपीठाने विवाहासाठी बेने इस्रायलींच्या वंशशुद्धीची चौकशी लावली. आपण ज्यू आहोत हे त्यांना आंदोलन करून सांगावं लागलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांची बाजू घेतली. शनिवार पाळला म्हणून कोकणात ज्यांची ओळख झाली, त्यांनाच तिथे पुरावा मागितला गेला. या दोन वर्षांवर, त्या काळात लग्न अडलेल्या एखाद्या मुलीच्या तोंडून, मला मराठीत कादंबरी वाचायची आहे.