एकवीस दिवसांची तपश्चर्या

कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत, तीन आठवडे वाट पाहावी आणि बारा पिल्ले मोजून घ्यावीत, इतका सोपा हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. ज्या घरच्या परसात कोंबड्या आहेत तेथील आजीपुढे तो मांडून पाहावा. 'बाजारात तुरी' एवढेच म्हणून ती हसेल. बारांतून नऊ पिल्ले निघाली तर ती हंगाम चांगला समजते. कधी पाचांवरही समाधान मानावे लागते. मग उरलेली अंडी का फसतात? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. खेड्यातील अनेक गृहिणींच्या हाती स्वतःचे म्हणून जे चार पैसे येतात, ते याच टोपलीतून येतात.

पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक अंड्यात जीव नसतो. कळपात कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, परंतु ती फलित नसतात. दुकानातील अंडी बहुधा अशीच असल्यामुळे ती कितीही उबवली तरी व्यर्थ होत.

फलित अंड्याची गोष्ट मोठी नवलाची आहे. कोंबडीच्या पोटात असतानाच, सुमारे एक दिवसात, त्यातील जीव हजारो पेशींचा झालेला असतो. बाहेर आल्यावर अंडे थंड होते आणि ही वाढ थांबते. जीव मरत नाही, निजतो. कोंबडी दहा-बारा दिवसांत अंडी घालते व शेवटी खुडूक होऊन त्यांवर बसते. म्हणूनच आगेमागे घातलेल्या अंड्यांतून पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. परंतु ही निद्रा फार लांबली तर मोडत नाही. आठवडा उलटला की आशा कमी होऊ लागते. वैशाखाच्या उष्म्यात तर जीव धड निजत नाही व धड जागाही होत नाही, आणि क्षीण होऊन मरतो. यास्तव अंडी थंड जागी, निमुळते टोक खाली करून, ७ दिवसांच्या आतच ठेवावीत.

उबवणीस सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. खुडूक कोंबडीच्या पोटाखालची पिसे झडून उघडी कातडी अंड्यांना भिडते, आणि तिच्या अंगची ऊब थेट पोचते. ती चोचीने अंडी वारंवार फिरवते. तसे न झाल्यास वाढता जीव कवचाखालच्या पापुद्र्याला चिकटून बसतो. पेटीत अंडी उबवायची तर हे काम माणसाने करावे. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस वर्तुळ काढून ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. संख्या विषम असावी, म्हणजे रोजच्या रात्री तीच बाजू वर राहत नाही.

गेल्या श्रावणात आम्ही काही विद्यार्थ्यांनी लाकडी पेटी, विजेचा दिवा, उष्णतामापक आणि पाण्याची वाटी एवढ्या सामग्रीवर १२ अंडी उबवण्यास ठेवली. सातव्या रात्री खोलीत अंधार करून, पुठ्ठ्याच्या भोकामागे विजेरी धरून ती पाहिली. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या. दोन निखळ पारदर्शक होती, तर एकात नुसते रक्ताचे कडे होते, म्हणजे तो जीव वाटेतच संपला होता. अकराव्या रात्री पावसाने वीज गेली ती पाच तास आली नाही. आम्ही पेटी न उघडता तिच्यावर घोंगडी पांघरली व कडेने गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पिल्ले एक दिवस उशिरा निघाली, पण आठ निघाली. यात नवल नाही. कोंबडीही रोज दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठतेच. थोडे निवणे अंडे सोसते. अधिक तापणे मात्र त्याला सोसत नाही.

उष्णतेइतकेच महत्त्व ओलाव्याचे आहे. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हवा आत जाते आणि वाफ बाहेर पडते. उबवणीत अंड्याचे वजन सुमारे अष्टमांशाने घटते. हवा फार कोरडी असल्यास पापुद्रा चिवट होऊन पिल्लू अडकते. फार दमट असल्यास आतील हवेची पोकळी लहान राहते व पिल्लू गुदमरते. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवावे आणि ओलावा वाढवावा.

यानंतरचा काळ खऱ्या कसोटीचा. पिल्लू प्रथम आतील पोकळी भेदून पहिला श्वास घेते, आणि बंद कवचातून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरील दातासारख्या उंचवट्याने ते कवचाला भेग पाडते आणि तासन् तास स्वस्थ पडून राहते. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. कवच सोलून द्यावेसे वाटते. परंतु त्या स्वस्थतेतच उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातील शिरांतले रक्त देहात परतत असते. घाईने कवच काढले तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' म्हणतात. हा दुसरा जन्म ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो.

पोटातील बलकामुळे पिल्लास सुमारे दोन दिवस अन्नावाचून चालते. पुढे पाणी, बारीक कणी आणि ऊब हवी. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्यास सुमारे ३ अंश कमी. घार, मांजर व मुंगूस यांसाठी डालगे हाताशी असावे.

पिल्ले निघाली की एक-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन उठते; मागे राहिलेल्या अंड्यांकडे वळूनही पाहत नाही. आपण मात्र ती लगेच टाकू नयेत. घरापासून दूर नेऊन, जपून फोडून पाहावीत. आत काहीच नसेल तर कोंबड्याचा विचार करावा. रक्ताचे कडे असेल तर साठवणीचा वा उष्णतेचा. पुरे वाढलेले पिल्लू असेल तर ओलाव्याचा. फसलेली अंडी अशी वाचता आली, की पुढच्या खेपेस टोपलीत दोन पिल्ले अधिक दिसतात.