जे उचलता येते तेच अंगणात

घराबाहेर बसण्यासाठी खुर्च्या-टेबले घ्यायला दुकानात गेले, की विक्रेता पहिली ग्वाही पावसाची देतो. पाणी लागले तरी काही होत नाही, बारा महिने बाहेर ठेवा, असे तो सांगतो आणि गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचे असते. मध्य प्रदेशातल्या खातेगावसारख्या गावात मात्र ही ग्वाही अर्धीच उपयोगाची आहे. इंदूर-देवासचे पठार साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. कन्नोद-खातेगावचा पट्टा विंध्याच्या कडेखाली, नर्मदेच्या खोऱ्यात उतरलेला. नेमावरचा घाट इथून जवळ. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि मग जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्याच अंगणात कोसळतो. म्हणजे एकाच खुर्चीला आधी भट्टीत भाजून मग चार महिने भिजत घालायचे आहे. या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे निमूट सोसणारी वस्तू फार महाग असते किंवा फार जड, आणि बहुतेकदा दोन्ही. म्हणून बारा महिने बाहेर काय टिकेल, या प्रश्नाऐवजी एका माणसाला उचलून आत काय नेता येईल आणि मोडले तर गावात कोण दुरुस्त करील, या प्रश्नापासून निवडीला सुरुवात करावी, असे माझे म्हणणे आहे.

नासधूस पावसाने होते असे आपण धरून चालतो, पण तिची सुरुवात उन्हाने होते. प्लॅस्टिकची एकसंध खुर्ची घ्या. १९७२ साली फ्रान्समध्ये हेन्री मासोने याने अशी एकाच साच्यातून निघणारी खुर्ची बाजारात आणली आणि पुढे तिच्या भावंडांनी जगातला प्रत्येक लग्नमंडप, पानटपरी आणि ग्रामपंचायत व्यापली. आजच्या बहुतेक खुर्च्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात. या पदार्थाचे रेणू लांब साखळ्यांचे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून या साखळ्या तोडतात. पहिल्यांदा रंग फिका पडतो, मग हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि एके दिवशी जड पाहुणा बसताच मागचा पाय वळणापाशी कडाडतो. दोष पावसाचा नव्हे. पाऊस बिचारा त्या खुर्चीवरून निथळून जातो. चांगल्या मालात किरणरोधक द्रव्ये मिसळलेली असतात, स्वस्त मालात ती नावापुरती. हीच गोष्ट हल्ली शहरातून येणाऱ्या, वेतासारख्या दिसणाऱ्या विणीच्या सोफ्यांची. ती वीण वेताची नसते, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची असते. ती चांगल्या पॉलिथिनची असेल तर बरीच वर्षे तग धरते, हलक्या पीव्हीसीची असेल तर काही उन्हाळ्यांतच तडकून सुटू लागते. शिवाय तिच्याबरोबर जाड गाद्या येतात. आषाढात स्पंजने पाणी पिऊन घेतले की दिवसचे दिवस तो वाळत नाही आणि आतून कुबट वास यायला लागतो.

लोखंडाची कहाणी निराळी. भर दुपारी काळ्या रंगाच्या लोखंडी बाकाला हात लावून पाहावा, दुसरा पुरावा लागत नाही. पण ऊन ओसरल्यावर बसायचे असेल तर ही अडचण मोठी नाही. खरी अडचण गंजाची, आणि तो बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त असतो. पोकळ पाइपच्या उघड्या तोंडातून पाणी आत शिरते, तिथेच साचते, आणि वरचा रंग शाबूत असताना पाइप आतून खाल्ला जातो. म्हणून गावातल्या वेल्डरकडून खुर्ची किंवा खाटेचा सांगाडा करून घेताना पाइपची तोंडे बंद करायला सांगावीत, खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक ठेवावे, आणि जमले तर जस्ताचा थर असलेला पाइप वापरावा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, तेवढ्या ठिकाणी रंग काळजीने लावून घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमला गंजाची भीती नाही, ते हलकेही आहे. इतके हलके, की मे-जूनमधल्या वादळात खुर्ची शेजाऱ्याच्या अंगणात सापडते.

उरते लाकूड, आणि इथे या मुलखाला मोठी अनुकूलता आहे. नर्मदेच्या पलीकडचे हरदा आणि बैतूल, अलीकडे देवास जिल्ह्याच्या दक्षिणेतले खिवनी अभयारण्याचे जंगल, हा सगळा सागाचा प्रदेश. जुन्या मध्य प्रांतातला साग व्यापारात आजही ‘सी.पी. टीक’ म्हणून ओळखला जातो. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यामुळे बुरशी आणि वाळवी त्याला सहजासहजी लागत नाही, आणि ऊन-पावसात तो इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो, कमी आखडतो. उघड्यावर त्याचा रंग करडा होतो, पण ती झीज वरच्या पातळ थराची असते. गोम एवढीच, की हे गुण गाभ्याचे आहेत. सालीलगतचा फिका पांढरट भाग कीड आवडीने खाते, आणि कोवळ्या, लवकर तोडलेल्या सागात तोच भाग जास्त असतो. वरून सगळीकडे एकसारखे गडद पॉलिश मारलेले ‘सागवानी’ फर्निचर घेताना म्हणूनच तळाशी, पॉलिश न लागलेल्या जागी, रंग तपासावा. अळशीचे तेल चोपडण्याची जुनी सवय घरातल्या सामानाला ठीक आहे. उघड्यावर मात्र पावसाळ्यात त्याच तेलावर बुरशी चढते.

जमिनीचा विचार दुकानात कोणी करत नाही. माळवा-निमाडातली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. नीट पाया न घालता तिच्यावर बसवलेल्या फरश्या दोन-तीन पावसाळ्यांत वर-खाली होतात आणि चार पायांचे टेबल कायम डुगडुगते. तीन पाय केव्हाही टेकतातच, त्यामुळे अंगणात तिवई शहाणी. याहून चांगला तोडगा मराठी घरांनी फार पूर्वीच काढला होता, तो म्हणजे झोपाळा. देवास, धार, इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ओसरीच्या तुळईला कड्यांनी टांगलेली सागाची फळी जमिनीला टेकतच नाही. त्यामुळे डुगडुगण्याचा प्रश्न नाही, वाळवीला पायावाटे चढायला वाट नाही, आणि वर छप्पर असल्याने ऊन-पाऊसही बेताचेच.

पण माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम आधार खाटेचा आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४०च्या दशकात दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना धार आणि उज्जैनवरून गेला. हिंदुस्थानातल्या खाटांचे त्याने केलेले वर्णन आजही जसेच्या तसे लागू पडते. त्या इतक्या हलक्या असतात की एकच माणूस उचलून नेतो, चार पाय आणि चार दांड्या यांवर सुताची किंवा रेशमाची वीण असते, आणि ती मुळातच मऊ असल्याने वर आणखी काही अंथरावे लागत नाही, असे तो नोंदवतो. यातले प्रत्येक वाक्य या हवामानाचे उत्तर आहे. विणीतून वारा खालूनही लागतो. गादी नाही, म्हणून भिजून कुजायला काही नाही. दोरी सैल झाली तर ताणून घेता येते, तुटली तर नवी विणता येते, पाय मोडला तर सुतार तेवढाच बदलतो. आणि माळव्याची रात्र तर मुळातच नावाजलेली, ‘शब-ए-मालवा’ म्हणून उर्दू बोलीत तिचा लौकिक आहे. दिवसभर तापलेल्या घरातून बाहेर पडायचे ते संध्याकाळनंतर, आणि तेव्हा बाहेर आणायची वस्तू सकाळी आत जाऊ शकली पाहिजे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात अशीच एक खाट ९९० डॉलरला विकायला ठेवल्याची बातमी आपल्याकडे चेष्टेचा विषय झाली होती. किंमत हास्यास्पद होती, निवड नव्हती.

यावर पहिला आक्षेप येईल तो कष्टाचा. रोज कोण उचलाउचल करणार? रोज करायची गरजच नाही. हिवाळ्यात खाट ओसरीच्या कडेला उभी राहते, उन्हाळ्यात दुपारपुरती सावलीत सरकते आणि पावसाळ्यात आत असते. जड सोफ्याला मात्र ही मुभा नसते, तो जिथे ठेवला तिथेच तापतो आणि तिथेच भिजतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल, सैल खाटेतून उठणे कठीण जाते. हे पूर्णपणे खरे आहे, आणि घरात आजी-आजोबा असतील तर एका खाटेवर भागणार नाही. त्यांच्यासाठी साधारण ४५ सेंटिमीटर उंच बैठकीची, भक्कम हातांची सागाची खुर्ची हवीच. ती थोडी जड झाली तरी चालेल, ती ओसरीतच राहू द्यावी. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त पडते, हेही खोटे नाही. दहा-वीस माणसे एकदम आली तर तीच उपयोगी, पण ती उन्हात न ठेवता एकावर एक रचून खोलीत ठेवावी.

राहिला जंगलाचा प्रश्न. साग वापरा म्हणणे म्हणजे तोडीला प्रोत्साहन नव्हे काय? चोरीचा साग घेतला तर नक्कीच. मध्य प्रदेशात १९६९च्या वनोपज व्यापार कायद्यानुसार साग हा नियंत्रित माल आहे, आणि वनविभागाच्या डेपोत लिलावाने विकलेल्या लाकडाला कागद असतो. सुताराकडे तो मागायला संकोच वाटू नये. शिवाय एका खुर्चीला लाकूड फार लागत नाही, आणि जुन्या घरांच्या तुळया-चौकटींतून निघालेला साग मिळाला तर त्याहून उत्तम, कारण तो पुरता मुरलेला असतो.

सुताराला काम द्यायची वेळही पाहावी. मे महिन्यात कोरड्या लाकडाचे सांधे घट्ट ठोकून बसवले तर श्रावणात ते फुगून चिरतात. भर पावसाळ्यात केलेल्या खुर्चीचे सांधे उन्हाळ्यात आखडून खिळखिळे होतात. दिवाळी उलटल्यावर, हवा ना ओली ना पुरती कोरडी असताना, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान खुर्ची करून घेतली तर दोन्ही बाजूंना थोडी-थोडी सूट उरते. सांध्यात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून वरून लाकडी खुंटी मारायला सांगावी. नुसते खिळे ठोकून भागवू नये, कारण पाण्याने खिळा गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडते आणि पकड तिथेच सुटते.