चोवीस सेकंदांचा अंमल

न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया यांसारखी महानगरे आणि त्यांच्याच पंक्तीस बसलेली लहानसहान कारखानदार शहरे ज्या काळी व्यावसायिक बास्केटबॉलच्या ‘एनबीए’ या एकाच साखळीत नांदत होती, त्या काळी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या सुमारे सव्वादोन लाख वस्तीच्या शहराचा ‘नॅशनल्स’ नावाचा एक संघ होता, आणि त्याचे मालक होते इटलीत जन्मलेले, बालपणी अमेरिकेत आलेले व बोलिंगचे खेळघर चालवून चरितार्थ करणारे डॅनी बियासोने. खेळाडू म्हणून त्यांची ख्याती नव्हती. पण प्रेक्षक पैसे कशासाठी मोजतो हे धंद्याने त्यांना पक्के शिकवले होते.

त्या वेळच्या बास्केटबॉलला एक दुर्धर व्याधी जडली होती. आघाडी मिळवलेल्या संघाने चेंडू आपसांतच फिरवत वेळ काढावा, प्रतिपक्षाने निरुपायाने फाउल करावेत, आणि मग दोन्ही बाजूंच्या फ्री थ्रोंची मिरवणूक संपता संपू नये, असा शिरस्ताच पडून गेला होता. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सचा त्यांच्याच शहरात जो पाडाव केला, तो १९ विरुद्ध १८ अशा गुणांनी! लेकर्सचा महाकाय जॉर्ज मायकन यास निष्प्रभ करण्यासाठी पाहुण्यांनी चेंडू नुसता कवटाळून ठेवला होता. पुढे १९५३ च्या मार्चमध्ये बॉस्टनने खुद्द नॅशनल्सना चार जादा डावांनंतर हरवले, तेव्हा बॉस्टनच्या बॉब कूझी याने केलेल्या ५० गुणांपैकी ३० निव्वळ फ्री थ्रोंचे होते.

यावर बियासोने व त्यांचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांनी काढलेला तोडगा एखाद्या मुनिमाच्या वहीत शोभावा इतका साधा होता. ज्या सामन्यांत मनास आनंद वाटतो, त्यांत दोन्ही संघ मिळून साधारणतः १२० वेळा बास्केटवर नेम धरतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार केला की २४ येतात. तेव्हा चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत नेम न धरणाऱ्याने तो गमवावा. साखळीच्या मालकांनी १९५४ च्या एप्रिलमध्ये हा नियम स्वीकारला आणि ऑगस्टमध्ये सिरॅक्यूजच्याच एका शाळेत त्याची चाचणी झाली. याच्या जोडीस प्रत्येक डावातील सांघिक फाउलांवरही मर्यादा घालण्यात आली. चोवीस सेकंदांच्या घड्याळाच्या कौतुकात या दुसऱ्या कलमाचे श्रेय बहुधा विसरले जाते. ते नसते तर घड्याळाला बगल देऊन फाउलांचे सत्र पूर्ववत् चालू राहिले असते.

१९५४-५५ च्या हंगामात नवा अंमल सुरू झाला आणि संघांची दर सामन्याची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. सर्वच काही सुरळीत होते असे नव्हे. बाल्टिमोरचा संघ नोव्हेंबरमध्येच मोडीत निघाला, आणि साखळीत आठच संघ उरले. अल सर्वी यांच्या शिकवणीखाली नॅशनल्सनी ४३ सामने जिंकले व २९ गमावले. डॉल्फ शेज हा त्यांचा आधारस्तंभ होता.

अंतिम फेरीत गाठ पडली ती फोर्ट वेनशीच. त्यांचे क्रीडागृह बोलिंगच्या स्पर्धेसाठी आधीच राखून ठेवलेले असल्यामुळे त्यांना घरचे सामने इंडियानापोलिसमध्ये खेळावे लागले, आणि बोलिंगवर पोट भरणाऱ्या बियासोने यांना हा दैवाचा विनोद खासच रुचला असेल. सातवा सामना १० एप्रिल १९५५ रोजी सिरॅक्यूजमध्ये झाला. दुसऱ्या डावात पिस्टन्स १७ गुणांनी पुढे होते. जुना कायदा असता तर ते चेंडू दाबून बसले असते आणि ही कथा तिथेच आटोपली असती. पण घड्याळ थांबू देईना. ९१-९१ अशी बरोबरी असताना, बारा सेकंद उरले असता, नॅशनल्सच्या जॉर्ज किंगने एक फ्री थ्रो साधला आणि लगेच प्रतिपक्षाच्या अँडी फिलिपच्या हातून चेंडू हिरावला; अजिंक्यपद नॅशनल्सचे झाले. त्यांचे अर्ल लॉइड व जिम टकर हे अजिंक्यपद मिळवणाऱ्या एनबीए संघातील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले, ही गोष्ट त्या एका गुणाहून किंचितही कमी मोलाची नाही.

१९६३ साली हा संघ विकला जाऊन फिलाडेल्फियास गेला व ‘सेव्हंटीसिक्सर्स’ या नावाने आजही तेथे खेळतो. बियासोने यांचे नाव बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदले गेले ते २००० साली, त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. ज्याने खेळाला दिरंगाईच्या रोगातून सोडवले त्याच्याच बाबतीत ही दिरंगाई अक्षम्य म्हटली पाहिजे.