अ‍ॅन्सिबल : ताऱ्यांमधलं निरोपयंत्र

मंगळावरच्या यानाला ‘थांब’ म्हटलं, तर तो शब्द तिथे पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. मग शेकडो प्रकाशवर्षं दूर वसलेल्या माणसांचा एक संघ कसा चालायचा? विचारणाऱ्याच्या पणतवंडांना उत्तर मिळणार! विज्ञानकथाकारांनी यातून अनेक वाटा काढल्या. जेम्स ब्लिश यांच्या १९५४ च्या ‘बीप’ कथेत डिरॅक संदेशयंत्र आहे. त्याच्या बारीकशा ‘बीप’मध्ये भूतभविष्यातले सगळे संदेश दडलेले असतात. पण सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेलं यंत्र, माझ्या मते, उर्सुला ल ग्विन यांचं अ‍ॅन्सिबल.

१९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये ते प्रथम आलं. निरोप कितीही अंतर क्षणात ओलांडतो, पण जिवंत माणूस नाही. त्याला प्रकाशाहून कमी वेगानेच जावं लागतं. शत्रूच्या तळावरचं अ‍ॅन्सिबल कथानायक रोकॅननच्या हाती लागतं. तो निरोप पाठवतो आणि माणूस नसलेली अस्त्रयानं तळ बेचिराख करतात. त्याला न्यायला माणसं येतात तेव्हा मात्र तो हयात नसतो. ही एक अट या साऱ्या कथाविश्वाला वजन देते.

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मधला दूत गेनली आय गेथेन या बर्फाळ ग्रहावर येतो, तो एकटाच. सैन्य नाही, धमकी नाही. यंत्राचं एक टोक पुरेशा वस्तुमानाच्या ग्रहावर पक्कं लागतं, दुसरं हातात नेता येतं. ते घेऊन तो राजा अर्गावेनसमोर उभा राहतो. राजा विचारतो, माणूस द्रोही कशाने होतो? ताऱ्यांपलीकडून तात्काळ उत्तर येतं, पण त्याने राजाचं समाधान होत नाही. अंतर मिटलं तरी अविश्वास उरतो, हे ल ग्विन यांनी फार नेमकं पाहिलं आहे.

‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२) त्याहून कठोर आहे. पृथ्वीपासून २७ प्रकाशवर्षांवर माणसं जंगल तोडतायत, तिथल्या रहिवाशांना वेठीला धरतायत. वरून जाब विचारायचा तर दोन पिढ्या लागणार, म्हणून सगळं बिनबोभाट चाललेलं. मग अ‍ॅन्सिबल येतं आणि पृथ्वीचे नवे आदेश त्याच दिवशी हातात पडतात. कॅप्टन डेव्हिडसन ते बनावट ठरवतो आणि हत्याकांड चालूच ठेवतो.

यंत्रामागचं गणित मांडणारा शेवेक भेटतो १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये. त्याचा सिद्धांत आपल्या मुठीत यावा म्हणून सत्ता टपलेल्या असतात. तो मात्र पृथ्वीच्या राजदूत केंगमार्फत तो सर्वांना देऊन टाकतो.

खऱ्या भौतिकशास्त्रात याला आधार नाही. पुंज-गुंफणीतून (क्वांटम एन्टँगलमेंट) संदेश पाठवता येत नाही, आणि सापेक्षतेनुसार प्रकाशाला मागे टाकणारा संदेश भूतकाळातही पोहोचू शकेल. तरी बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये प्रकाशाहून वेगवान कणांचा गंभीर विचार केला होता. पुढे त्यांना टॅकिऑन हे नाव मिळालं. असा कण आजवर सापडलेला नाही.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी ‘एंडर्स गेम’मध्ये हेच नाव उचललं. तिथे अ‍ॅन्सिबल युद्धाचं साधन झालं. ल ग्विन यांचं यंत्र वाचायचं असेल, तर सुरुवात ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’पासून करा, पुस्तक छोटं आहे, आणि निरोप उशिरा पोहोचण्याची किंमत कोण मोजतं ते त्यात थेट कळतं.